तिसऱ्या दिवशी काय झालं

मरणावर मात करता येते, याहून उदात्त विचार माणसाला सुचलेला नाही. आणि तो सात लहान मुलांना दहा मिनिटांत समजावून सांगता येतो, असं मला गेल्या ईस्टरपर्यंत वाटत होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई एकट्याच राहतात. यंदा त्यांनी हौसेनं इमारतीतली पोरं सणाला घरी बोलावली. कांद्याच्या सालींत उकडून तांबूस केलेली अंडी टोपलीत मांडली. अट एकच: आधी सणाचा अर्थ कळला पाहिजे, मग अंडं. पण चर्चमध्ये गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला होता. माझ्या घरी पुस्तकं फार आहेत, एवढ्या पुराव्यावर त्यांनी माझी नेमणूक केली.

मी शुक्रवारचा क्रूस सांगितला, गुहेतली कबर सांगितली, तिच्या तोंडावरची शिळा सांगितली. मग आवाज खाली आणला. "तिसऱ्या दिवशी पहाटे काही बायका तिकडं गेल्या."

"रक्षाविसर्जनाला," पहिलीतली एक मुलगी म्हणाली.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोल्हापुरात तिसरा दिवस कशाचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्यांच्यात पुरतात, राख नसते, असं मी म्हटलं. ते तिनं मोठ्या मनानं मान्य केलं आणि नैवेद्याची चौकशी केली. बायकांनी सुगंधी द्रव्यं नेली होती, हे ऐकून नाराजी पसरली. गेलेल्याच्या आवडीचं काहीतरी न्यायला नको?

"आन् कावळा? शिवला का लगीच?" तिनं विचारलं.

"कावळ्याचा प्रश्नच आला नाही. ते जिवंत होऊन उठले होते."

सगळे पुढं सरकून बसले. अर्थ पोचला, असं मला वाटलं. तेवढ्यात तिच्या थोरल्या भावानं विचारलं, की मग चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स कुणी उतरवला आणि गडहिंग्लजकडून निघालेल्या पावण्यांना कुणी कळवलं.

बाईंनी डोळे मिटून घेतले होते. दुखावल्या असणार, असं वाटून मी उठायच्या बेतात होतो. पण त्या पुढं झाल्या आणि बसक्या आवाजात म्हणाल्या, "मग आज आपण खूश का, सांगा बघू."

"गेल्यालं माणूस माघारी आलं तर कोण खूश हुणार न्हाय, आजी?" मुलगी म्हणाली.

बाईंनी तिचा गालगुच्चा घेतला आणि टोपली तिच्यापुढं धरली. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. आज रविवार, जोतिबाचा वार. आमच्यात अंडं चालत नाही, म्हणाली. सातपैकी पाच जणांच्यात चालत नव्हतं. पुढच्या वर्षी दुसरा एखादा वार बघून सण करा, असं त्यांनी आजींना सुचवलं.

ईस्टर दरवर्षी रविवारीच येतो.