उलटी न बसणारी पट्टी

पैठण रोडवर चितेगावला आमचा कारखाना आहे आणि त्या कारखान्यात मोटारसायकलचा हॉर्न धरून ठेवणारी एक पट्टी बनते. वीतभर लांब, दोन बोटं रुंद. एका टोकाला भोक, दुसरं टोक मोकळं. प्रेस मशीनवर तिला एक वाक द्यायचा, तोही बरोबर मधोमध नाही, भोकाच्या बाजूला जरा सरकवून. संपलं. काम इतकं सोपं की आमच्या गेटवरचं कुत्रं नियमित कामावर येत असतं तर त्यालाही जमलं असतं.

फक्त पट्टी उलटी घालायची नाही. उलटी घातली की वाक भलत्या बाजूला पडतो, आणि मग त्या गाडीचा हॉर्न समोरच्या म्हशीकडं तोंड करण्याऐवजी चालवणाऱ्याच्या गुडघ्याकडं तोंड करून बसतो. असा हॉर्न वाजवत एक माणूस पैठणला निघाला होता, तो स्वतःच्याच गुडघ्याला दचकून बिडकीनलाच उतरला, असं मी ऐकलंय. ऐकलंय म्हणजे मीच सगळ्यांना सांगत असतो.

तर अशा अकरा उलट्या पट्ट्या आमच्याकडून गेल्या. ज्या बड्या कंपनीला आम्ही त्या पुरवतो, तिथून पत्र आलं की गुरुवारी आमचा तपासनीस येईल, त्याला चूक कुणाची आणि उपाय काय, हे दोन्ही दाखवा.

मोठ्या साहेबांनी मीटिंग घेतली. मोठे साहेब म्हणजे आमचे प्रॉडक्शनचे प्रमुख, आवाज असा की कारखान्याचा भोंगा बिघडला तेव्हा आठवडाभर कुणाला कळलंच नाही. चूक कुणाची, हे त्यांना दोन मिनिटांत सापडलं. त्या प्रेसवर काकू बसायच्या. काकू पैठणकडच्या एका खेड्यातून काळीपिवळीनं यायच्या. सहा वर्षं त्यांनी याच शॉपमधे, म्हणजे मशीनं चालतात त्या शेडमधे, झाडू मारला, झाडता झाडता प्रत्येक मशीन डोळ्यानं शिकून घेतलं आणि मग भांडून प्रेसवर जागा मिळवली. आमच्याकडं प्रेसवर बसलेली ती पहिली बाई. मोठे साहेब म्हणाले, गुरुवारपर्यंत उपाय निघाला तर ठीक, नाही तर काकू परत झाडूवर. तपासनिसाला काहीतरी दाखवायला पाहिजे.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी त्या मीटिंगमधे सांगितली नाही. पट्टी ज्या लोखंडी बैठकीवर ठेवून वाकवतात, तिला आम्ही फिक्स्चर म्हणतो. ते फिक्स्चर मी काढलं होतं. डिझाइनचा इंजिनियर मी. आणि त्यात पट्टी सुलटी जेवढ्या प्रेमानं बसायची तेवढ्याच प्रेमानं उलटीही बसायची. मीटिंगमधे हा विषय निघाल्यावर मी फायलीत एक पान शोधायला लागलो. त्या फायलीत एकूण पानं तीनच होती, तरी मी ते वीस मिनिटं शोधलं.

त्याच आठवड्यात पुण्याहून आमच्यासाठी प्रेरणा मागवली होती. म्हणजे एक गृहस्थ आले. त्यांनी आम्हा सगळ्या इंजिनियरांना कँटीनमधे डोळे मिटून उभं केलं आणि सांगितलं की तुमच्या आत एक सिंह झोपलाय, त्याला हाक मारा. आम्ही हाका मारल्या. दुपारचं जेवण झालेलं, वर मठ्ठा. सिंह उठला नाही, उलट आमच्यातले चार जण त्याच्याशेजारी आडवे झाले. तीन तास चाललेल्या त्या प्रेरणेतून मला एकही कल्पना सुचली नाही. एक उशी तेवढी मनात आली.

खरी प्रेरणा मला सोमवारी सकाळी मिळाली आणि ती काकूंनी दिली.

मी रविवारी घरी बसून नवीन फिक्स्चर काढलं होतं. त्यात एक खुंटी ठेवली. पट्टी सुलटी असली की खुंटी भोकात जाणार, उलटी असली की खुंटी आडवी येणार, पट्टी बसणारच नाही. हुशारी पाहा. टूलरूमवाल्यांना पटवून सकाळी सकाळी ते मशीनवर चढवलं आणि काकूंना म्हणालो, "आता घालून दाखवा उलटी."

काकूंनी उलटी पट्टी खुंटीवर ठेवली, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली. वरून प्रेस आला. खुंटी अशी उडाली की ती अजून हवेतच असावी, खाली आल्याचं कुणी पाहिलेलं नाही. पट्टी छान वाकली. उलटी.

"बसतंय की, साहेब," काकू म्हणाल्या.

सगळी लाइन बघत होती. पॅकिंगचे लोकसुद्धा हातातलं काम ठेवून आले होते. बी.ई. करताना चार वर्षांत ज्ञानाची जेवढी आस मला लागली नाही, तेवढी त्या तीन शब्दांनी लागली.

संध्याकाळपर्यंत मी दुसरी खुंटी करून घेतली. जाड, उंच, भट्टीतून पाणी देऊन काढलेली, हत्ती बांधला तरी हलणार नाही अशी. काकूंनी तिच्याकडं आदरानं पाहिलं. मग उलटी पट्टी एक बोटभर स्वतःकडं ओढून, खुंटीच्या अलीकडं ठेवली आणि वाकवली. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "तुमची खुंटी लई मजबूत हाय. नाय मोडली."

मंगळवारी खुंटी तशीच ठेवून मी वर सेन्सर आणला. आता विजेचंच काम. पट्टी पार मागच्या टोकापर्यंत नीट बसली तरच सेन्सरला लोखंड जाणवणार आणि तरच प्रेस खाली येणार. या सेन्सरपुढं मी इतका निर्धास्त होतो की चहा मागवून ठेवला. काकूंनी उलटी पट्टी ठेवली. प्रेस आला नाही. पुन्हा बटणं दाबली, तरी आला नाही. मी चहाचा घोट घेतला. काकू जरा पुढं वाकून, नेमकं काय अडतंय ते बघायला लागल्या, पुन्हा बटणं दाबली आणि प्रेस धाडकन खाली आला. त्यांच्या कमरेला घराच्या, कपाटाच्या, दोन पेट्यांच्या आणि बहुतेक अख्ख्या गावाच्या किल्ल्यांचा जुडगा होता. वाकल्यावर तो सेन्सरजवळ आला. सेन्सरला वाटलं, आलं लोखंड.

"मी काय केलंच नाय, साहेब," काकू खरंच घाबरून म्हणाल्या.

लोक हसले. त्या मात्र हसल्या नाहीत, आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की इतका वेळ हा खेळ एकट्या माझ्यासाठीच होता. मी हरलो तर माझी फजिती व्हायची. त्या जिंकल्या तर त्यांची जागा जायची. तरी त्या प्रत्येक वेळी खरं तेच करून दाखवत होत्या. एकदा जरी खोटंखोटं म्हणाल्या असत्या की नाही बसत बाबा, तर मी आनंदानं मान्य केलं असतं.

बुधवारी मी काहीही नवीन आणलं नाही. वही घेऊन त्यांच्या मशीनशेजारी नुसता उभा राहिलो. डिझाइनवाल्यानं हे पहिल्या दिवशी करायचं असतं. मी पाचव्या वर्षी केलं.

अर्ध्या तासात दिसलं. काकू डावऱ्या आहेत. मागच्या मशीनवरून पट्ट्यांचा क्रेट येतो, तो सगळे ऑपरेटर उजव्या हाताला ठेवतात. उजव्या हातानं पट्टी उचलली की भोक आपोआप बरोबर बाजूला येतं. काकूंनी क्रेट डावीकडं ठेवला होता. डाव्या हातानं उचललेली पट्टी उलटी यायची आणि त्या प्रत्येक पट्टीला बोटांत एक गिरकी देऊन ती सुलटी करून ठेवायच्या. दिवसाला हजारो गिरक्या. महिन्याचा हिशेब केला तर त्या पट्ट्या इथून निघून दिल्लीला दोनदा जाऊन आल्या असत्या. आणि एवढ्यात चुकल्या किती, तर अकरा. माझ्या हातानं तर पहिल्या तासातच अकराशे उलट्या गेल्या असत्या, वर स्वतःचा अंगठा गेला असता तो वेगळाच.

मी मोठ्या साहेबांना बोलावून आणलं, दाखवलं. त्यांनी उपाय लगेच काढला. म्हणाले, मग यांनी उजव्या हातानं काम करावं.

काकू उठून उभ्या राहिल्या. साहेबांसमोर त्या एरवी बोलत नसत. म्हणाल्या, "साहेब, भाकर मी याच हातानं थापते. ती नाय कधी उलटी पडत. भाकरीला कुठं टोक असतं? या पट्टीचं एक टोक येगळं केलंय तुम्ही लोकांनी. दोन्हीकडं भोक पाडा, मंग बघा कोण उलटी घालतंय ती."

मी सांगतो, त्या क्षणी शॉपमधली सगळी मशीनं थांबली. कुणी म्हणेल जेवणाची सुट्टी झाली होती. असेल. पण थांबली.

कारण बाईचं बरोबर होतं. पट्टीचं दुसरं टोक गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंगनं चिकटवतात. तिथं एक भोक असलं काय आणि नसलं काय. दोन्ही टोकांना भोक असलं तर पट्टीला उलट-सुलट काही उरतच नाही. डाव्या हातानं घाला, उजव्या हातानं घाला, घरच्या मांजराकडून घालून घ्या. मी तीन दिवस चूक अडवायला दारं बांधत होतो, आणि काकू म्हणत होत्या की चूक राहते ती खोलीच पाडून टाका.

साहेब म्हणाले, पण ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं आहे, ते बदलायचं म्हणजे त्यांचीच चूक काढल्यासारखं होईल. तरी त्यांनी नको म्हटलं नाही. टूलरूमनं त्याच दिवशी एकाच ठोक्यात दोन्ही भोकं पडतील असा पंच बसवला आणि आम्ही चाळीस पट्ट्या वाकवून ठेवल्या.

गुरुवारी तपासनीस आला. बारीक चणीचा, मितभाषी, स्वतःचा डबा आणि स्वतःची मोजपट्टी घेऊन आलेला माणूस. त्यानं ती पट्टी हातात घेऊन फिरवली, उलटी घातली, सुलटी घातली, डोळे मिटून घातली. चाळीसच्या चाळीस सारख्या. मग विचारलं, "ही कल्पना कुणाची?"

खोटं सांगत नाही, किंवा निदान इथं सांगत नाही. माझ्या तोंडात 'माझी' हा शब्द अगदी तयार होऊन, भांग पाडून, दातांच्या मागं येऊन उभा होता. मी तो गिळला. जड गेला. काकूंकडं हात केला.

"आणि त्या अकरा पट्ट्या कुणाच्या हातून गेल्या?"

मोठे साहेब छताकडं बघायला लागले. काकूंनी मान खाली घातली. मी म्हणालो, "त्यांच्याच. पण ते फिक्स्चर मी काढलं होतं. त्यात उलटी पट्टी बसायची, आणि हे मला सोमवारच्या आधीच माहीत होतं."

मोठ्या साहेबांनी छतावरून नजर काढून माझ्यावर ठेवली. ती नजर वेल्डिंगच्या काचेतूनसुद्धा सोसली नसती. तपासनिसानं वहीत काहीतरी लिहिलं, काकूंना विचारलं की किती वर्षं या मशीनवर, आणि दहा पट्ट्या पिशवीत घातल्या. म्हणाला, आमच्याकडं तपासून कळवू, तोवर मशीनवर यांनाच ठेवा, मला यांच्याच हातच्या पट्ट्या पाहिजेत.

उत्तर यायला सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत काकू रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन विचारायच्या, "आलं का?" मी नाही म्हटलं की "व्हय का" म्हणून परत जायच्या. मला माझ्या लग्नाच्या होकाराची एवढी वाट बघावी लागली नव्हती, आणि तिथं तर दोन नकार आधी पचवले होते. अठराव्या दिवशी मेल आला. दुसरं भोक मंजूर. ड्रॉइंग बदललं. मी तो मेल छापून, कागद हातात घेऊन, शॉपमधे पळत गेलो. सुरक्षेच्या नियमाप्रमाणे शॉपमधे पळायला बंदी आहे. त्याबद्दल मला नोटीस मिळाली, ती मी जपून ठेवलीय.

काकूंनी कागद वाचला नाही. आधी विचारलं, "झाडू नाय ना मंग?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी पट्टी घेतली आणि गिरकी न देता घातली. मग दुसरी. बोटं सवयीनं मधेच वळायला बघत होती, त्या त्यांना दटावत होत्या.

शनिवारी मोठ्या साहेबांनी रंगारी बोलावला. आमच्याकडं प्रत्येक वस्तूची जागा जमिनीवर पिवळ्या पट्ट्यानं आखलेली असते. आखलेल्या चौकोनाबाहेर क्रेट दिसला की लेखी जाब द्यावा लागतो. काकूंच्या मशीनला तो चौकोन उजवीकडं होता, आणि त्यांचा क्रेट त्याच्या बाहेर असतो हे इतके दिवस कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. साहेबांनी तो स्वतः उभं राहून पुसायला लावला आणि डावीकडं नवा आखायला सांगितला. काकू पदर खोचून रंगाऱ्याच्या डोक्यावर उभ्या होत्या. त्यानं खडूनं रेघ मारली, तशी त्यांनी ती चपलेनं पुसली.

"चार बोटं अजून जवळ घे," त्या म्हणाल्या. "तिथवर वाकावं लागतंय."

रंगाऱ्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "त्या सांगतात तसं घे."