दामूअण्णांचा गुडघा

वरच्या मजल्यावरचे दामूअण्णा हल्ली जिना भराभर चढतात, आणि मी दाराआड त्यांची पावलं ऐकत जळतो. गेल्या वर्षी आम्ही दोघंही कठडा धरून चढायचो. त्यांचं रेशनकार्ड केशरी, म्हणून सरकारी योजनेत गुडघा फुकट बदलून मिळाला. माझं पांढरं. एके काळी ते मी दुकानात चारचौघांना दिसेल असं धरायचो.

"तुम्ही पेन्शनवाले, साहेब. तुम्हाला नाही बसत यात," दवाखान्यातल्या योजनेच्या खिडकीतला माणूस अदबीनं म्हणाला. पेन्शनीत गोळ्या भागतात, गुडघा भागत नाही. गरिबी मोजायची सोय सरकारकडे आहे, दुखणं मोजायची नाही.

आज अण्णांनीच माझं दूध वर आणलं. "साहेब, तुम्ही कशाला उतरता? मी आहे की."

मी आभार मानले आणि शेजाऱ्याच्या नव्या गाडीकडे पाहावं तसा त्यांच्या गुडघ्याकडे पाहत राहिलो.