गुरुवारी पुसलेली मशीन

दोरा वरून तुटला तर त्याचं फारसं वाईट वाटत नाही. टोक ओठांत धरून ओलं करायचं, पुन्हा सुईत ओवायचं आणि पुढं जायचं. पण कापडाच्या खालच्या अंगाला जाळं झालं की माझा जीव जातो. वरून टीप छान सरळ दिसत असते. मग पायडल एकदम जड लागतं, चाक ना पुढं जात ना मागं, आणि कापड उचलावं तर ते मशिनीनं खालून घट्ट धरून ठेवलेलं. कात्रीचं टोक आत घालून अंदाजानं कापत बसायचं. पिंपरीतलं माझं पहिलं वर्ष मी ह्यातच घालवलं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आमचे हे पिंपरीतल्या एका कंपनीत लेथवर होते. घर चाकणजवळ निघोज्यात. सासू, सासरे, एक दीर, एक नणंद आणि कांद्याचं रान. आमच्याकडची तेव्हाची पद्धत अशी की मुलगा कंपनीत लागला की तो चार-पाच जणांच्या खोलीत राहायचा आणि बायको गावी. कंपनीला सुट्टी गुरुवारी. गुरुवारी तो यायचा, ओट्यावर बसून आईवडिलांशी बोलायचा, जेवायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचा. वडीलधाऱ्यांच्या देखत नवराबायकोनं बोलायचं नसतं. लग्नानंतरचे आठ महिने मी असेच काढले. ह्यांचा आवाज मला पाठ झाला होता, पण तो दुसऱ्यांशी बोलतानाचा.

मग ह्यांनी एकदा धीर करून आईला सांगितलं की मी वेगळी खोली बघितलीय, हिला घेऊन जातो. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. आत्या कांदे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन मानसांच्या भाकरी थापायला अख्खी बाई कशाला लागती तिथं?"

हे म्हणाले, "शिवन शिकंल ती. वस्तीत वर्ग हाय. मशीन बी बघितलीय मी, जुनी हाय पन चांगली हाय."

आत्यांनी एक सडका कांदा बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "बरं. कांदा निघाल्यावर हिच्या नणंदंचं लगीन हाय. तिच्या चोळ्या शिवून दावू दे. जमलं तर ऱ्हाऊ दे तिकडं, न्हाई जमलं तर घेऊन यीन माघारी." झालं. माझं पिंपरीत राहणं नणंदेच्या चोळ्यांना टांगलं गेलं.

खोली केवढी म्हणाल तर मशीन ठेवल्यावर एका माणसाला आडवं होता येत नव्हतं, तिरकं व्हावं लागायचं. पण त्या खोलीत आम्ही बोलायचो. पहिली पाळी असली की हे दुपारी घरी येत, चहा घेत, आणि मी सुरू व्हायचे. शेजारणीनं काय म्हटलं, भाजीवाल्यानं कसं फसवलं, स्टोव्ह कसा भडकला. हे ऐकत आणि मधेच त्यांच्या फोरमनची नक्कल करून दाखवत. एकदा म्हणाले, "आठ महिन्यांचं साठवून ठेवलंवतंस व्हय गं सगळं?" मी लाजले. पण खरंच साठवलं होतं. मी इतकी सुखात त्याआधी कधी नव्हते, आणि त्यानंतरही नाही. हे आता ह्या वयात लिहायला काही हरकत नाही.

शिवणाचा वर्ग वस्तीतल्या एका पत्र्याच्या खोलीत भरायचा. तीन मशिनी, अकरा बायका आणि एक बाई शिकवायला. वर्गात माझं बरं चालायचं. सरळ टीप, गोल टीप, झबलं, टोपरं, सगळं जमलं. बाईंनी माझं झबलं इतर बायकांना दाखवलंसुद्धा. आणि घरी येऊन तेच शिवायला बसलं की चार बोटं टीप पडायची आणि खालून जाळं.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, दोरा ओवताना दाबाचा पाय वर असतो ना? तो वर होता. सुई उलटी बसवली असशील. काढून पुन्हा बसवली. बॉबिनचा दोरा उलट्या अंगानं सुटत असेल. तोही बघितला. वरचा दोरा सैल असेल. चकतीचा स्क्रू अर्धा फेरा आवळला, तर दोरा तटातट तुटू लागला. सैल केला, पुन्हा जाळं. रीळ बदललं, नवी सुई घातली, जाड कापड घेतलं, पातळ घेतलं. शिवायला बसायचं म्हटलं की माझे खांदे आधीच दुखायला लागायचे. शेवटी बाई कंटाळल्या. म्हणाल्या, "इथं नीट शिवतेस की. घरी तुझं लक्ष नसतं, नवीन लग्न आहे." बायका फिदीफिदी हसल्या. मला त्या दिवशी बाईंचा इतका राग आला की मी दोन दिवस वर्गाला गेले नाही.

ह्यांना सांगावं तर ते म्हणायचे, "मशिनीत काय बी खराबी न्हाई. दर सुट्टीला मी सोता बघतो."

आणि ते बघायचेच. गुरुवारी गावाला जायच्या आधी अंघोळ करून हे मशिनीपुढं बसत. देवपूजेला बसावं तसे. मशिनीचं डोकं मागं कलतं करायचं, बॉबिनमागचं खालचं शटल काढायचं, तेलाचे थेंब सोडायचे आणि कॉटन वेस्टनं सगळं लख्ख पुसायचं. कॉटन वेस्ट म्हणजे गिरणीतल्या टाकाऊ सुताचा पुंजका. कंपनीत हात पुसायला, मशिनी पुसायला देतात. आमच्या वस्तीत प्रत्येकाच्या घरी ते असायचंच. सायकल त्यानंच पुसायची, स्टोव्ह त्यानंच, कंदिलाची काच त्यानंच. एका घरी तर त्याची उशी भरलेली होती. हे जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून नवीन, पांढरं स्वच्छ वेस्ट आणायचे, खास माझ्या मशिनीसाठी. शटलला मला हात लावू देत नसत. "उघडशील आन् बसवता येनार न्हाई. ह्ये माझं काम हाय," म्हणायचे. त्यात मायाच होती, दुसरं काही नव्हतं.

शुक्रवारी आणि शनिवारी मशीन सगळ्यात जास्त छळायची. गुंते काढता काढता बुधवारपर्यंत जरा वळणावर यायची. मला वाटायचं, गुरुवारी गावाला जाऊन आलं की माझाच हात बिघडतो. स्वतःला दोष देण्यात मी तेव्हा पटाईत होते.

कांदा निघाला आणि एका गुरुवारी आत्याच खोलीवर आल्या. पिशवीत खणाची सहा कापडं. त्या येणार म्हणून ह्यांनी सकाळी उठून मशीन एकदा पुसली आणि चहा झाल्यावर पुन्हा एकदा. शटलच्या आतली खाच बोटानं वेस्ट फिरवून फिरवून पुसली. मग मला म्हणाले, "बस आता. लोण्यावानी चालंल."

मी बसले. आत्या भिंतीला टेकून पाय पसरून बघत होत्या. हिरवा खण, लाल काठ. पहिली टीप खांद्याची. दोन-तीन बोटं गेली असेल. मग पायडल जड झालं. मला कळलं काय झालं ते, पण आत्यांसमोर थांबायची लाज वाटली आणि मी पाय आणखी दाबला. तिथं चुकलं. मशिनीनं खणाचं कापड खालच्या भोकात ओढून घेतलं. कात्रीनं सोडवून वर काढलं तेव्हा खांद्याच्या जागी रुपयाएवढं भोक होतं आणि भोवती हिरव्या दोऱ्याचा लगदा.

आत्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ह्यांना विचारलं, "मशीन खराब हाय का रं?"

ह्यांनी चाक फिरवून बघितलं. खरं तेच सांगायची सवय असलेला माणूस. म्हणाले, "न्हाई. सकाळीच दोनदा बघितलीय मी."

ह्या एका वाक्यानं मी गावाला गेले. ह्यांना तेव्हा ते कळलं नाही, मला कळलं. आत्यांनी उरलेली पाच कापडं घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "चल बाय. बोलले व्हते ना मी." आठ दिवसांत माझं सामान बांधून झालं. मशीनही बरोबर नेली, कारण खोलीत आता ह्यांच्यासकट चार पुरुष राहणार होते आणि त्यांना तिरकं झोपायचं नव्हतं. लोखंडी पाय एसटीच्या टपावर आणि डोकं गोणपाटात गुंडाळून माझ्या मांडीवर. कुरुळीच्या फाट्यापर्यंत माझे पाय बधिर झाले होते.

नणंदेच्या चोळ्या चाकणच्या शिंप्यानं शिवल्या. मशीन पडवीत पडून राहिली. लग्न उरकल्यावर एकदा सासऱ्यांच्या बंडीचा खिसा उसवला आणि आत्या म्हणाल्या, "बघ जमतंय का, न्हाईतर हातानं घाल." चार बोटं टीप, आणि जाळं. पण ह्या वेळी बघायला कोणी नव्हतं, सगळे रानात होते. मला इतका संताप आला की मी डोकं कलतं केलं आणि जन्मात पहिल्यांदा शटल काढलं. बसवता नाही आलं तर नाही, आता कसली भीती.

आत, खाचेमध्ये, तेलात भिजून दाबला गेलेला सुताचा वेढा होता. पांढरा, जाडसर. मी आजवर पांढरा दोरा त्या मशिनीत घातलाच नव्हता. केसातला आकडा काढला आणि ते सूत उकरलं. निघतच राहिलं. इंच-इंचाचे तुकडे, वर्षभराचे. खालून जाणारा माझा दोरा त्यांत अडकत होता आणि जागीच गोळा होत होता. ते सूत मला ओळखू यायला वेळ लागला नाही. मी तिथंच पडवीत बसून रडले. वर्षभर मी माझ्या हातांना शिव्या दिल्या होत्या.

शटल बसलं. दोन खटके, सोपं होतं. बंडीचा खिसा एका दमात झाला. त्यानंतर मशीन एकदाही अडली नाही. मी झबली शिवली, परकर शिवले, मग ब्लाउज. आळीतल्या बायका येऊ लागल्या, मग वरच्या आळीतल्या. आत्या त्यांना पाट द्यायच्या. दोन महिन्यांत आमच्या पडवीत कापडांची चळत लागली. मी रोज विचार करत होते, सुताचं घरात कळलं की मला परत पिंपरीला जाता येईल. जमलं तर राहू दे, असंच आत्या म्हणाल्या होत्या.

ते सूत मी कागदाच्या पुडीत ठेवलं होतं. एका गुरुवारी हे ओट्यावर बसले असताना पाण्याच्या तांब्याबरोबर ती पुडी मी त्यांच्या पुढ्यात ठेवली. बोललं तर चालत नाही, पुडी ठेवलेली चालते. ह्यांनी उघडली. चिमटीत सूत घेऊन चोळलं, वास घेतला. लेथवरच्या माणसाला सांगावं लागलं नाही. त्यांचं तोंड उतरलं. मग ते उठून आत आले आणि चुलीपुढं बसलेल्या आईला, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आये, तिची चूक नव्हती. मीच पुसताना मशिनीत सूत सोडलं. तिचा हात चांगला हाय."

एवढं कोण करतं? मला त्यांचा अभिमान वाटला. मनातल्या मनात मी पिशवी भरायला घेतली.

आत्या भाकरी उलटत म्हणाल्या, "हात चांगला हाय त्ये मला दिसतंय की. निम्मं गाव शिवायला येतंय. आता ही आळी टाकून ती तिकडं कशाला जाईल? हितंच बरी हाय."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. आईपुढं शब्द काढायचं त्यांचं बळ त्या एका कबुलीत संपलं होतं. जेवले आणि एसटीला गेले. त्या रात्री मला स्वतःचाच राग आला. ब्लाउज तरी इतके नीट कशाला शिवले, असं वाटलं. मुद्दाम वाकडी टीप घालावी असंही एकदा मनात आलं, पण ज्या बाईचं कापड मशिनीवर होतं तिला लेकीच्या घरी बारशाला जायचं होतं.

मी दहा वर्षं त्या पडवीत शिवत होते. दोन मुलं तिथंच झाली. दर गुरुवारी हे येत, ओट्यावर बसत, जात. मग दिराचं लग्न झालं, धाकटी जाऊ आली, मुलांच्या शाळेचं निघालं आणि आत्याच एक दिवस म्हणाल्या, जा आता. ह्यांनी चिंचवडला दोन खोल्या घेतल्या. सामान लावलं, मुलं दमून झोपली. हे खाटेवर बसले होते, मी खाली. बोलायला कोणाची आडकाठी नव्हती. मी सांगण्यासारखं काहीतरी आठवायचा प्रयत्न केला. शेवटी विचारलं, "नळाला पाणी किती वाजता येतं?"

हे म्हणाले, "साडेपाचला."

मी बरं म्हटलं, आणि त्या दिवशी आम्ही एवढंच बोललो.