अंकलच्या गोष्टीचा शेवट

"कान या मा कान!" सिंगापुरातल्या बेडोक भागात आमच्या इमारतीखाली बाकावर बसलेले शेजारचे अंकल मला बघितलं की हात उंचावून म्हणायचे. इथल्या मलय भाषेत 'मकान' म्हणजे जेवण. मला वाटायचं, म्हातारा जेवणाची चौकशी करतोय. वर्षभर मी इमानाने सांगत होते, "हो अंकल, झालं. वरणभात."

शेवटी त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं पोरी, अरबी गोष्टीची सुरुवात आहे ती! म्हणजे, होतं, किंवा नव्हतंही." कर्म माझं! बिचारे वर्षभर गोष्ट सुरू करत होते आणि मी त्यांना वरणभात ऐकवत होते.

अरबीतलं त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. लहानपणी वडिलांबरोबर येमेनहून आले ते सिंगापूरचेच झाले. मलय फाडफाड, इंग्रजीच्या शेपटाला 'ला'. पण ऐट अशी, जणू कालच उंटावरून उतरलेत. नातवंडं "नॉट अगेन ला!" म्हणून पळायची. तुम्ही पाहिले असतील असे आजोबा. राहता राहिले मी, पुण्याची, फुकटची श्रोती.

गोष्ट एकच, त्यांच्या आजीची. मध आणायला गेलेला भाऊ म्हातारा होऊन परततो. बहीण दार उघडते, पण ओळखत नाही.

"मग?"

"मग ओळखते. कशी, तेच आठवत नाही." तेवढं आठवलं की डोळे मिटायला मोकळा, असं म्हणायचे. ते थट्टा करत नव्हते.

त्यांची थोरली बहीण अजून तिकडे गावीच होती. तिला फक्त अरबी येत होतं. माझ्या ऑफिसातल्या इजिप्तच्या सहकाऱ्याला मध्ये घालून माझ्या फोनवरून तिला शेवट विचारला. तिचं लांबलचक बोलणं रेकॉर्ड होऊन आलं. अंकल एक शब्द न कळता मान डोलावत, डोळे पुसत ऐकत होते. सहकाऱ्याने अर्थ सांगितला, "मी शेवटाआधीच झोपायचे रे. तूच सांग."

घ्या!

अंकल असे खचले की मला बघवेना. म्हटलं, "अंकल, तो भाऊ आहे ना? जेवायला बसेल, भाकरी मोडेल आणि म्हणेल, 'आजही करपवलीस!' बहीण ओळखणार नाही तर काय?" आमच्या घरात भाऊ असाच ओळखू येतो.

अंकलनी मांडीवर थाप मारली. "हेच! आजी हेच सांगायची!"

ते माझ्या मनचं होतं, हे मी कशाला बोलतेय? सहकाऱ्याने ते अरबीत करून दिलं, अंकलनी पाठ केलं आणि स्वतःच्या आवाजात बहिणीला पाठवलं.

तिकडे वीज आणि नेटवर्क रामभरोसे. तिचं उत्तर येण्याआधीच अंकल गेले. मला घरचं माणूस गेल्यासारखं रडू आलं.

मग उत्तर आलं. सहकारी ऐकताना आधी हसला, मग त्याने ते पुन्हा लावून ऐकलं. म्हणाला, "ती म्हणतेय, खोटारड्या! मी करपवत नव्हते. तूच यायला उशीर करायचास."