घड्याळवाल्या चाचांचा सिनेमा

नंदुरबारला स्टँडजवळच्या टपरीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या चाचांना इंग्रजी येत नाही, पण एक जुना काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा तोंडपाठ आहे. फारसा कुणाला ठाऊक नसलेला, एका वार्ताहराचा. मीही वार्ताहर, म्हणून मी दिसलो की ते मोबाईल डब्याला टेकवून तो लावायचे आणि नेमक्या एकाच जागी थांबवायचे. टाइपरायटरपुढे बसलेला तो वार्ताहर, अर्धा चेहरा अंधारात.

"देखा भाऊ, आते हाऊ खोटं लिखी ऱ्हायना. उजेडच सांगस!" तो आता खोटं लिहितोय हे नुसत्या उजेडावरून ओळखलं, म्हणून स्वतःच खूश व्हायचे. डोळ्यावरचं भिंगही काढायचे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानात, इथल्या भाषेत पथारीवर, एक मजूर बाई ट्रॅक्टरखाली सापडली. मी जागेवर गेलोच नाही. व्यापाऱ्याने फोनवर सांगितलं तसं 'किरकोळ जखमी' लिहून मोकळा झालो.

दोन दिवसांनी घड्याळ घेऊन गेलो, तर बातमीचा तो अंक चाचांच्या पुढ्यात होता.

"भाऊ, तुम्ही जाईसन देखं का?"

"हो तर," मी म्हणालो.

"आमनी गल्लीनी शे ती. तिना पाय कापना पडना."

मग त्यांनी टेबललॅम्पची मान माझ्याकडे वळवली, भिंगातून क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि दिवा पुन्हा घड्याळावर आणला. घड्याळ नीट करून दिलं.

वर्ष होत आलं. खुलासा मी छापलेला नाही. टपरीत अजून जातो, मुद्दाम बसून राहतो. चाचा चहा मागवतात. सिनेमा लावत नाहीत.