पोपटी भिंतीतले थापे

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. यांच्याजवळ नाही, पोटच्या लेकीजवळ नाही. देवापुढे हात जोडले आणि हे आठवलं की मी घाईनं आरती सुरू करते. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. बसलात समोर, तर ऐका.

रंगापासून सुरू करते, ते सोपं आहे.

केळीचं नवं पान उलगडताना पाहिलंय ना? धड हिरवं झालेलं नसतं, पिवळसर असतं, आणि उन्हात असं चमकतं की हात लावावासा वाटतो. तसला पोपटी. माझी थोरली बहीण सुरतेला दिलेली. तिच्या खोलीला तो रंग होता, आणि माहेरी आली की तिला दुसरा विषय नसायचा. आमच्या गावात — शहाद्याच्या अलीकडे, तापीकाठी — तेव्हा घरं एक तर सारवलेली, नाही तर पांढऱ्या चुन्याची. माझ्या पहिल्या मुलाचं जावळ होतं आणि ती येणार होती. मी हट्ट धरून बसले. मग हे मिरची विकायला नंदुरबारला गेले ते येताना पिवळी आणि हिरवी, अशा दोन पुड्या घेऊन आले. साठ साल अजून उजाडायचं होतं. मी विशीतली. लहान होते म्हणू का? — नको. विशीत सगळं कळतं.

आता ती भिंत.

आमच्यात मुलगी सासरी निघाली की ओल्या कुंकवात हात बुडवून माहेरच्या भिंतीवर थापे उमटवते. ओसरीच्या दाराशेजारी माझ्या नणंदेचे होते — तारीचे. मी ह्या घरात यायच्या आधीच ती पहिल्या बाळंतपणात सासरीच वारली. निरोप उशिरा आला. सासूबाईंना तिचं तोंडही दिसलं नाही. फोटो कुठला त्या काळी? ते दोन पंजे, तेवढीच तारी राहिली होती. दर दिवाळीला चुना लागायचा आणि सासूबाई तेवढी जागा सोडायला लावायच्या. आजूबाजूला चुन्यावर चुना चढत गेला, आणि थापे उथळ कोनाड्यात बसल्यासारखे आत राहिले. येता-जाता त्या तिथं तळवा टेकायच्या.

मला ते खपायचं नाही. मेलेल्या पोरीचा कुणी हेवा करतं का? मी करायचे. माझी भाकरी जाड झाली की सासूबाई म्हणायच्या, तारीची पातळ होती. मी जोरात हसले की तारीचं हसू ओसरीबाहेर जात नव्हतं. आणि ते सगळं बोलणं मला त्या दोन पंजांतून आल्यासारखं वाटायचं.

चुना लावायला दर साल जेमी यायची. भिल्लाची बाई, सासूबाईंच्याच वयाची. कापूस वेचायला तीच, सारवायलाही तीच. रंग लावायच्या दिवशी सासूबाई सारंगखेड्याला कुणाच्या तरी दुखवट्याला गेल्या होत्या. पहिला हात फिका पडला, म्हणून मी उरलेली पिवळी पूड सगळी घमेल्यात ओतली. जेमी हसली, "बाई, राघू बी लाजी जाई!" दुसरा हात बसला आणि भिंत अशी उजळली — काय सांगू. आणि त्यात तो डाग. जुन्या खपलीसारखा.

"जेमी, तेवढ्यावरूनही ओढ कुंचा."

"नही बाई. ती मायनी पोर शे." तिनं कुंचा खाली ठेवला आणि कळशी घेऊन विहिरीवर गेली.

कुंचा मी उचलला.

ओला चुना लागला मात्र — कुंकू एकदम लाल झालं. ताजं. आत्ताच कुणी हात काढून घेतलाय असं. बोटंन् बोट दिसलं. थांबले का मी? दुसरा फटका मारला. मग तिसरा.

जेमी कळशी घेऊन आली, बघत राहिली.

दिवे लागायच्या आत सासूबाई आल्या. सवयीनं हात टेकायला गेल्या, आणि हात हवेतच राहिला. "हाई कोनी कयं?"

इथं खरं बोलायला किती वेळ लागला असता? मी म्हणाले, "मी तिले सांगेल व्हतं माय, तेवढी जागा सोड म्हनी."

एवढंच. नावसुद्धा घेतलं नाही.

"जेमी, तू?" सासूबाईंनी विचारलं. दर साल तीच तर ती जागा जपायची. जेमीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. सुनेपुढे तिचं कोण ऐकणार होतं? — हे तिला ठाऊक होतं, आणि मलाही. मी त्याच भरवशावर बोलले होते. "सकायपाईन येऊ नको," सासूबाई म्हणाल्या — उद्यापासून तिचं काम बंद. जेमीनं कुंचा स्वच्छ धुतला, घमेलं पालथं घातलं आणि गेली.

बहीण आली, म्हणाली, "जरा भडकच झाला गं."

पुढं कितीतरी वर्षांनी सारंगखेड्याच्या जत्रेत जेमी भेटली. केस पांढरे. "माय कशी शे?" तिनं विचारलं. बरी आहे म्हणाले, आणि पोराला घोडे दाखवायचे म्हणून पुढे निघाले.

पण मागचं एक राहिलं. जावळ झालं, पाहुणे गेले, आणि सासूबाईंनी वाटीत कुंकू कालवलं. मला भिंतीशी नेलं. "तुन्हा हात तिन्हाएवढाच शे. आठे ठेव."

त्यांना कळलं होतं का? हा प्रश्न मी पुष्कळदा घोळवते. कळलं होतं म्हटलं की मला जरा सुटल्यासारखं वाटतं. म्हणून आता तेही म्हणत नाही.

मी हात ठेवले. त्याच खोलगट जागेत, पोपटीवर लाल. पुढं दर दिवाळीला ती जागा सोडून मीच चुना लावला. शेवटी शेवटी सासूबाईंना दिसेनासं झालं. सकाळी भिंत चाचपत यायच्या, माझ्या थाप्यावर तळवा टेकायच्या आणि विचारायच्या, "तारीच शे ना?"

चहाचा पेला हातात घेऊन मी मागं उभी असायचे. "हो माय," म्हणायचे. रोज.