भिंतीवरची यादी

शंकर पेंटर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीत ड्युटीवर होतो. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो संपला. दीड महिना झाला... पण माझं दुःख अजून रागाखालीच दबलंय. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना सगळ्यांना माफ करून टाकायची पद्धत आहे. मला ते जमणार नाही.

कोडोलीच्या अलीकडं आमचं गाव. शाळेत आम्ही एका बाकावर. त्याचं अक्षर असं, की आसपासच्या निम्म्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर त्याच्या हातची नावं होती. नव्वदच्या दशकात त्यानं आपल्या वीस गुंठे उसाला ठिबक बसवायचं म्हणून अनुदानाचा अर्ज केला. यंदाचा निधी संपला, असं सांगून त्याला परत पाठवलं. त्यानंही विषय सोडून दिला. पुढं माहितीचा अधिकार आला तेव्हा त्यानं जुन्या लाभार्थ्यांची यादी मागवली. तीत गावच्या पुढाऱ्याचं नाव होतं, त्याच्या दोन मेहुण्यांची होती आणि शंकरचंही होतं. यादीसोबत आलेल्या, अनुदान मिळाल्याच्या पावतीवर शंकरच्या नावापुढं अंगठा उठवलेला. जन्मभर अक्षरावर पोट भरलेल्या माणसाचा अंगठा. मला हसू फुटलं. तो हसला नाही. "पैसं खाल्लं ते खाल्लं, मला अडाणी केलं की रं," एवढंच म्हणाला.

चौकशीचे अर्ज कुठं कुठं अडकले ते सांगत बसत नाही. शेवटी त्यानं रस्त्याकडच्या स्वतःच्या भिंतीवर ती अख्खी यादी ऑइलपेंटनं रंगवली, आपल्या नावासकट. पुढाऱ्याचा निरोप आला, भिंत पुसलीस तर तुझं अनुदान घरपोच करतो. शंकरनं उलट निरोप धाडला, अंगठा कुणी उठवला ते ग्रामसभेत सांगा, चुना मी स्वतः मारतो. ते कुणी सांगितलं नाही. त्याऐवजी त्याचं काम तोडलं. डेअरीचा बोर्ड, तालमीची कमान, सगळं कोल्हापूरच्या पेंटरकडं जायला लागलं. मीही एकदा त्याला म्हणालो होतो, पुसून टाक बाबा. त्याची मला अजून लाज वाटते.

उत्तरकार्याच्या दिवशी पुढाऱ्याची माणसं भलामोठा फ्लेक्स घेऊन आली. भावपूर्ण श्रद्धांजली, कोपऱ्यात शंकरचा फोटो आणि मधोमध हात जोडलेला पुढारी. बांधला तो नेमका यादीवर, एकही ओळ दिसेना. पंगत बसली होती. शंकरची बायको, आमच्या वहिनी, विळा घेऊन बाहेर आल्या. "अंगठा कुणाचा त्ये सांगाय आलाय व्हय? न्हाय न्हवं? मग जेवून जावा," म्हणाल्या आणि दोऱ्या कापल्या. शंकरचा फोटो तेवढा कातरून घेतला आणि उरलेला फ्लेक्स म्हशीखाली अंथरला. पंगतीतले खाली मान घालून जेवत राहिले. त्या गप्प बसणाऱ्यांनाही मी विसरणार नाही.

मागच्या रविवारी त्याचे ब्रश घेऊन मी शिडीवर चढलो. उन्हानं काही ओळी फिकटल्या होत्या. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वहिनी खाली शिडी धरून, ओळ कुठं वाकडी चाललीय ते सांगत होत्या. पुढाऱ्याचं नाव मी मुद्दाम वीतभर मोठं काढलं आणि खाली बघितलं.

"आजून मोठं करा, भावजी," वहिनी म्हणाल्या. "यष्टीतनं वाचाय याय पायजे."